पौर्णिमेची खीर आणि बावन्न किलो

दिघा,
२ मे, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं

ती. पप्पांना,
प्रितमचा सविनय जयभीम.

आत्ताच क्रांतीच्या हाताच्या पट्ट्या धुऊन दोरीवर टाकल्या आणि लिहायला बसलो. आम्ही दोघं बरे आहोत. तुमची बी.पी.ची गोळी चालू असेलच. भगवानकाकांचा ट्रेलर आज कळंबोलीहून रायपूरला तुमच्याकडेच निघतोय, त्यांच्या हाती हे पत्र देतो. क्रांतीचं नाव काढलं की तुम्ही फोन ठेवता. पत्र बाजूला ठेवलंत तरी नंतर उचलून वाचता येईल.

पप्पा, आपली क्रांती जिंकली. आंतरराष्ट्रीय किकबॉक्सिंग अजिंक्यपद स्पर्धा, सुवर्णपदक. शब्द प्रमाणपत्रावर बघून लिहिलेत.

फायनल काल संध्याकाळी वाशीला झाली. समोर उझबेकिस्तानची मुलगी, क्रांतीपेक्षा वीतभर उंच. पहिली फेरी तिचीच. क्रांतीच्या नाकातून रक्त आलं, खोटं सांगत नाही. पण जानेवारीत आलं होतं, ज्याच्यावरून तुम्ही चिडून लांब पल्ल्याची गाडी चालवायला धरलीत, तेवढं नव्हतं. तिच्या कोच जयमाला मॅडम म्हणाल्या, "लांबून खेळलीस तर ती तुला धुऊन काढेल. आत शिर." मी पाणी पाजत होतो, निम्मं खालीच सांडत होतं. क्रांती म्हणाली, "दाद्या, पाणी मला पाज, माझ्या बुटांना नको."

मग ती आत शिरली. समोरचीची लाथ खाली यायच्या आत हिचे दोन ठोसे बसलेले असायचे. तीन पंचांपैकी दोघांनी हिला कौल दिला. माइकवरचा माणूस बाहेरचा होता. "क्रांती पोपाट वाव्हळ," असं म्हणाला. तुमचं नाव एवढ्या मोठ्या हॉलमध्ये घुमलं. आपल्या गल्लीतल्या बायकांनी तर खुर्च्या बडवल्या.

फोटो पाठवत नाही. नंतर बघू.

रायपूरला ऊन फार असेल. गाडीखाली झोपू नका.

फोटोचं सांगतोच. काल फायनलच्या सकाळी परत वजन होतं आणि काल बुद्धपौर्णिमाही होती. महिनाभर मी तिच्या भाकऱ्या काट्यावर मोजून दिल्या. पण निघताना विहारापाशी केशरमावशी पातेलं घेऊनच उभ्या. "मावशी, वजन आहे," क्रांती म्हणाली. "अगं, वाटीभर खिरीनं काय व्हतंय? पौर्णिमेला नाय म्हनू नये." त्यांच्या मागे आणखी चौघी. प्रत्येकीची एकेक वाटी. बाबासाहेबांच्या फोटोसमोर पोरगी नाही कशी म्हणणार?

तिचा गट बावन्न किलोपर्यंतचा, काट्यावर ती त्याच्या वर भरली. तासाभराची मुदत मिळाली. अंगात दोन स्वेटर घालून ती दोरीउड्या मारत राहिली, अंगातलं पाणी कमी व्हावं म्हणून थुंकत राहिली. तरी शंभर ग्रॅम जास्तच. दहा मिनिटं उरली तेव्हा तिने वेणी पुढे घेतली आणि पट्टी कापायची कात्री माझ्या हातात दिली.

आई गेल्यावर दर रविवारी त्या वेणीला तेल तुम्ही लावायचात. वेणीला तुम्ही दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाहीत, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "पप्पांना काय सांगू?" ती म्हणाली, "आधी काप. कान तेवढा ठेव."

मी कापली. काटा बरोब्बर बावन्नवर आला. तेव्हा ती रडली नाही. पदक घेऊन घरी आल्यावर आरशासमोर मानेवरून हात फिरवला आणि मग रडली. केशरमावशी ऐकून आल्या, "माझ्या खिरीनं येनी खाल्ली गं," म्हणत तिला धरून बसल्या.

वेणी तुमच्या कपाटात, तुमच्या कंगव्याशेजारी ठेवली आहे. पदकही तिने तिथेच ठेवलंय. आज सकाळी तेलाची बाटली काढली होती. मी लावतो म्हटलं तर नको म्हणाली आणि बाटली परत ठेवली. "रविवारी बघू," म्हणाली. कुठला रविवार, ते मी विचारलं नाही.

केस आता मानेपर्यंतच आहेत, पप्पा. पाच मिनिटंही लागणार नाहीत.

तुमचा, आणि तिच्याही वतीने,
प्रितम

ता.क. फोटो पाकिटात घातलाय. समोरून काढलेला आहे. नीट बघा, आईसारखी दिसते.