वर आलेली गाठ

“लोभ हे फार स्वस्त कारण झालं, बाई. खुनासाठी जरा वजनदार काहीतरी शोधा,” माझ्या पहिल्या रहस्यकथेचं हस्तलिखित परत देताना संपादक म्हणाले होते. त्यानंतर मी चौदा पुस्तकं लिहिली. चौदाही खुनी लोभीच निघाले.

मी, वय सत्तेचाळीस, एका बुकबाइंडरची धाकटी मुलगी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणी भरीस न घालता लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरीणबाईंनी तपासून लिहून दिलं आहे. रागाचं त्यांनी विचारलं नाही.

एक. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला. तिच्या बापाने, म्हणजे माझ्या दादाने, त्यात लक्ष घालू नये.

दोन. पुस्तकांचे हक्कही तिलाच. पुढच्या आवृत्तीत कुणी खुन्याला प्रेमभंग वगैरे देऊ पाहील, देऊ नये. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्याला वेगळं कारण लागत नाही.

तीन. बाबांची सुई, मेणाचा गोळा आणि घडी दाबायची हाडाची पट्टी, हेही भाचीला. ती वही शिवते तेव्हा गाठ आत बसते. बाबा म्हणायचे, “गाठ वर दिसली की समज, शिवणाऱ्याला घाई होती.” दादा दुकानात कधी बसला नाही. त्याला हे ठाऊक नाही.

चार. दादाला काही नाही. कारण लिहून ठेवते.

बाबांनी आपलं मृत्युपत्र तीन कागदांवर लिहिलं आणि स्वतः शिवलं. दोऱ्याला मेण मी लावलं. कागद मोजले, वाचले नाहीत. बाबांनी हाताने झाकून घेतले होते. ते गेल्यावर दादाने कपाटातून काढलं ते दोन कागदांचं. पहिल्यावर घर आणि दुकान दादाला, शेवटच्यावर साक्षीदार. माझं नाव कुठेच नाही. आणि गाठ वर.

“दादा, हे उसवलंय.”

“झालं! गुप्तहेरबाई निघाल्या,” तो सगळ्यांसमोर हसला. “गोष्टी लिही गं तू. घरात कशाला चोर शोधतेस?”

आई म्हणाली, “भाऊ आहे तो तुझा. दोऱ्याच्या गाठीवरून कुणी चोर ठरतं का?”

ठरतं, आई. पण तेव्हा मी गप्प बसले. तो राग माझा माझ्यावर.

दुकान त्याने वर्षभरात फुंकलं. हपापाचा माल गपापा. त्याने कुणाचा जीव घेतला नाही. फक्त माझ्या बाबांना, मुलीसाठी एक ओळही न लिहिणारा बाप करून टाकलं. एकोणीस वर्षं झाली, मी त्या बापाला माफ करत बसते, आणि मग आठवतं, गुन्हा त्यांचा नव्हताच.

पाच. मी गेल्यावर दादाने माझ्याविषयी चार शब्द बोलू नयेत. दोनही नकोत.

साक्षीदार: खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई आणि माझी प्रूफं तपासणारे काका. “एवढं कडू लिहायचं का?” काकांनी विचारलं. आणि सही केली.

स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल. चार मार्च, सकाळचे अकरा.

सही केली आहे.

सहीखालचं कायद्यात बसत नाही, तरी लिहिते. दादा, याची प्रत आजच तुला पाठवते आहे. मधला कागद तू जाळला नसशील. बाबांचं अक्षर तुझ्याच्याने जाळवलं नसेल, एवढं तुला ओळखते. तू म्हणशील, कसला कागद? त्यात मला जे दिलं असेल ते तूच ठेव. मी आहे तोवर ये, आणि मला ते एकदा वाचून दाखव.