ह्यांच्या गाडीचा गिअरबॉक्स

१४ जुलै
मंगेश, माझा दीर, सकाळी येऊन गेला. नारळी पुनवेपर्यंत गाडी चालली नाही तर भंगारवाल्याला बोलावणार म्हणाला. मांगरात, म्हणजे घराशेजारच्या छपरात, त्याला होडी ठेवायची आहे. हे गेल्यापासून गाडी तिथेच उभी. फोर व्हील, ऑटोमॅटिक, देवबागच्या वाळूत न रुतणारी. इंजिन चालतं, गाडी हलत नाही. म्हणजे गिअरबॉक्स गेला. म्हणजे बदलायचा. मीच बदलणार. सातवी शिकले, पण वाचनालयाचं एक कपाट संपवलंय. गाडीचं पुस्तक इंग्रजीत आहे. डिक्शनरी आहे.

१७ जुलै
पुस्तक वाचलं. सोपं आहे, चित्रं मोठी आहेत. गोव्यात मुलीला, सारिकाला, फोन केला की जुन्या बाजारात गिअरबॉक्स बघ. तिने फोन ठेवला. रेंज गेली असेल.

२१ जुलै
गाडी ओंडक्यांवर चढवली. गिअरबॉक्सचं ऑइल काढलं. लाल असतं असं पुस्तकात आहे. काळं निघालं, वास करपलेल्या फोडणीचा. मंगेश म्हणतो, दादाने ते कधी बदललंच नाही. काहीही. हे दर रविवारी गाडी धुवायचे. काही ऑइलं काळीच असतील.

२६ जुलै, दुपार
जुना गिअरबॉक्स उतरला. होडीचं इंजिन उतरवायची चेन पुली लावली होती. शेवटी थोडा पडला. शेजारच्या नर्मदाकाकूच्या सुकटीच्या डब्यावर. गाडीखाली झोपलेली विधवा तिने जन्मात बघितली नव्हती म्हणे. मी म्हटलं, तुमचं वाचन कमी. आता बोलत नाही. कामाला शांतता मिळाली.

२ ऑगस्ट
गोव्याहून गिअरबॉक्स आला. त्याच्या तोंडाशी कन्व्हर्टर नावाचा जाड गोल डबा असतो. तो फिरवत फिरवत पूर्ण आत बसवावा, मगच इंजिनाला जोडावं, असं पुस्तकात आहे. फिरवला. बसला असावा. जोडताना बोटभर फट राहिली. मंगेश म्हणाला, कन्व्हर्टर बसलेला नाही, परत काढ. मी म्हटलं, काही झालेलं नाही, बोल्ट आवळले की येईल जागेवर. त्यावर तो जे बोलला ते लिहून ठेवते, पुढे त्यालाच लाज वाटेल.
"दादाक पण काय झाला नाय, असाच म्हणी हुतंस."
छातीत दुखतं म्हटल्यावर आल्याचा रस कुणीही दिला असता.
बोल्ट आवळले. फट गेली. आत कट्ट झालं. बसल्याचा आवाज.

८ ऑगस्ट, नारळी पुनव
सकाळी: काल ऑइल भरून गाडी ओंडक्यांवरून खाली घेतली. आज नवी साडी. नारळ घेऊन गाडीतूनच किनाऱ्यावर जाणार. ह्यांच्या सीटवर उशी घातली, पुढचं दिसत नव्हतं.
संध्याकाळी: रापणीची, किनाऱ्यावरून जाळं ओढणारी, सगळी माणसं मांगरासमोर जमली होती. रापणकारांचे म्होरके भाई. त्यांनी गाऱ्हाणं घातलं, बा देवा म्हाराजा, ह्या बायेच्या गिअराक यश दी. सगळे म्हणाले, होय म्हाराजा. चावी फिरवली. खडखड. डीवर टाकलं, आरवर टाकलं. गाडी जागेवर, ऑइल वाळूत. ह्या वेळी लाल. मंगेश म्हणाला, आवळताना आतला पंप फोडलास. मागून कोणीतरी म्हणालं, होय म्हाराजा. मग हसणं थांबेना.
एकही बोल्ट सैल झालेला नाही, हे कोणी बघितलं नाही.

१२ ऑगस्ट
भंगारवाल्याने गाडी हलकी करायला गिअरबॉक्स काढून बाजूला टाकला, पण त्याचा टेम्पो वाळूत येईना. रापणकारांनी गाडीला दोर बांधला आणि जाळं ओढावं तशी रस्त्यापर्यंत ओढली. मीही दोर धरला. नुसतं बघत उभं राहवेना. रापणीच्या दोराला हात लावेल त्याला मासळीचा वाटा, ही आमच्याकडची रीत. कोणीतरी गमतीत आठवण करून दिली आणि वाटे पडायला लागले. आरसे गेले, बॅटरी गेली. ह्यांची सीट भाईंनी नेली, ओट्यावर बसायला. उशीसकट. उरलेलं भंगारवाल्याने नेलं. शेवटी मंगेश चौघांकडून गिअरबॉक्स उचलवून माझ्या दारात घेऊन आला.
"वयनी, तू पण दोर ओढलंस. ह्यो तुझो वाटो."
पाऊस लागेल म्हणून त्याच्यावर ह्यांचा रेनकोट घातला. सारिकाला फोन केला. पंप तेवढा बदलायचा आहे, बाकी गिअरबॉक्स चांगला आहे. आता गाडी तेवढी हवी.