सातव्या आठवड्याचा ओठ, आईची कात्री व इतर मालमत्ता

खाली सही करणारा मी, वय वर्षे सत्तावन्न, शाळा आठवीपर्यंत, धंदा शरीराच्या प्रतिकृती बनवणे. वाटणी माझ्या हातच्या कामाची आहे, म्हणून आधी ते काम लिहितो. उमेदवारीच्या काळात घासलेल्या कवळ्या, मोजल्या नाहीत. गुडघ्याचे सांधे, एकशे बारा. उघडमीट होणाऱ्या हृदयाच्या झडपा, चाळीस. एक कान, आत वाकून शिरता येईल एवढा. आणि गर्भातल्या बाळाच्या चेहऱ्याचे चौथ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत नऊ टप्पे, प्रत्येक कलिंगडाएवढा. शिवाय सातव्या आठवड्याचंच दुसरं रूप, ज्यात डावा ओठ जुळलेला नाही. एकूण दहा. हे काम अकरा वर्षं चाललं. एका नाकपुडीची कड दीड मिलिमीटर चुकली होती, ती मी पुन्हा केली. कोणाला दिसली नव्हती. मला दिसली होती.

हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझ्या शुद्धीबद्दल जावयाला शंका आहे, कारण गेले चार दिवस मी शीळ घालत फिरतोय आणि मला शीळ घालता येत नाही. माझा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला, नंतर शिवलेला. त्यातून हवा निसटते. तरी घालतोय.

कलम १. राहतं घर बायकोला. हे वाक्य तिला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "घर माझ्याच नावावर आहे, तुम्ही देताय कसलं?" मुद्दा बरोबर आहे. तरी देतो.

कलम २. हत्यारं जावयाला, ड्रिल मशीनसकट. बारीक कोरणी मात्र वगळून. त्या कोरणीने त्याने एकदा रंगाचा डबा उघडला होता. ती कोरणी बायकोकडे राहील आणि जावयाला लागली तर मागून घ्यावी, कशासाठी ते सांगून.

कलम ३. बँकेतली शिल्लक मुलीला. तिला पाचवा महिना चालू आहे. सोनोग्राफीत बाळाचा डावा ओठ उघडा दिसला. टाळू जुळलीय की नाही ते आत्ता सांगता येत नाही, जन्मल्यावर बघावं लागेल. ओठाचं ऑपरेशन साधारण तिसऱ्या महिन्यात, टाळूचं लागलंच तर वर्षाच्या आसपास. शिल्लक त्यासाठी. उरली तर बाळाला शीळ शिकवणारा कोणी ठेवावा.

कलम ४. आईची कात्री. हे कलम लांबणार आहे.

आई शिवणकाम करायची. मी पोटात असताना, पाचव्याच महिन्यात, तिने माझ्या आत्याच्या, म्हणजे बाबांच्या बहिणीच्या, लग्नाचे कपडे बेतले. पुढे मी जन्मलो तो उघडा ओठ घेऊन. आत्या पाळण्यात डोकावली आणि म्हणाली, कात्री लागली. झालं. आईने पुन्हा कात्री धरली नाही. ती मापं घ्यायची, खडूने आखायची आणि कापायला बाबांना बसवायची. बाबांच्या हातून कापड असं वाकडं कापलं जायचं की दोन वर्षांत गिऱ्हाईक संपलं. कात्री फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात गेली. दर वर्षी आई तिला तेल मात्र लावायची.

मी गर्भाचं शास्त्र शिकलो ते या एका वादापायी. कॉलेजच्या रद्दीतलं मुखपृष्ठ नसलेलं पुस्तक, शेजारी शब्दकोश, रोज अर्धं पान. चौथ्या आठवड्यात चेहरा म्हणजे तोंडाच्या खड्ड्याभोवती पाच उंचवटे: कपाळाचा एक, वरच्या जबड्याचे दोन, खालच्याचे दोन. वरच्या जबड्याचे दोन्ही बाजूंनी मध्ये सरकत येतात आणि नाकाखालच्या भागाला भिडतात. नुसतं भिडून भागत नाही. शिवणीवरची कातडी विरावी लागते, तरच आतला भाग एकजीव होतो. सातव्या आठवड्यात ओठ पुरा. टाळूचे दोन पडदे तोवर जिभेच्या दोन बाजूंना खाली लोंबत असतात. जीभ खाली बसली की ते आडवे होतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत मध्ये जुळतात. म्हणजे पाचव्या महिन्यात आईने कात्री सोडून करवत चालवली असती, तरी माझ्या ओठाला फरक पडणार नव्हता. सातव्या आठवड्यात तर तिला दिवस गेलेत हेही ठाऊक नव्हतं.

हे मी तिला सांगितलं, सातव्या आठवड्याचा चेहरा मांडीवर ठेवून. तिने शिवणीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मग कशामुळे रे?"

पुस्तकात होतं, जनुकं. कुठलं, कोणाकडून, ते नव्हतं. आई म्हणाली, असू दे. आणि सुईतला दोरा तोडायला माझ्यासमोर धरला. त्यानंतर तीन वर्षांनी ती गेली.

आता गेला सोमवार. सोनोग्राफी झाल्यावर मुलीचा पहिला प्रश्न होता, "बाबा, मी काय केलं?" आईची नात, दुसरं काय विचारणार. त्यात आत्याने, वय सत्त्याहत्तर, तिच्या हातातली भाजी कापायची सुरी काढून घेतलेली. त्याच दुपारी जनुकांच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरलं तर आत्या न बोलावता रिक्षात आधी बसली. तिथेही तिने कात्रीची कथा सुरू केली. बाई रिपोर्ट बघेनात, आत्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"आजी, एक मिनिट बोलू नका."

"मी कुठे बोलतेय?" आत्या म्हणाली आणि पुढे बोलत राहिली.

आमच्या घराण्याची एक खूण आहे. खालच्या ओठावर, मध्याच्या दोन बाजूंना, टाचणीच्या टोकाएवढ्या दोन खळ्या. आत्याला आहेत, बाबांना होत्या, माझ्या मुलीला आहेत. आत्याला त्यांचा भारी तोरा. मुलगी जन्मली तेव्हा तिची हनुवटी दाबून आत्या म्हणाली होती, "आमच्याच घरची, शिक्का बघा." बाईंनी विजेरी घेतली. आत्याच्या खळ्या बघितल्या, मुलीच्या बघितल्या आणि माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, माझे ते टाक्यांचे व्रण आहेत.

"टाके वरच्या ओठाला. मग खाली कशाला घालतील?"

एकशे बारा गुडघे, चाळीस झडपा, आणि स्वतःचा ओठ सत्तावन्न वर्षं चुकीचा वाचला. ही चूक मी इथे लेखी कबूल करतो.

बाईंनी कागदावर काढून दाखवलं. पहिल्या गुणसूत्रावर एक जनुक आहे, जे शिवणीवरच्या त्या कातडीचं काम बघतं. त्यात बदल असला की कोणाला खालच्या ओठावर नुसत्या खळ्या येतात, कोणाचा वरचा ओठ जुळत नाही, कोणाची टाळू. जनुक तेच. पुढच्या प्रत्येक मुलात ते उतरण्याची शक्यता निम्मी. रक्त तपासून पक्कं होईल, पण पैज लावायची तर त्या लावतील म्हणाल्या. घराण्याचा शिक्का आणि घराण्याचा डाग एकच निघाला. एकाचा आम्ही तोरा मिरवला, दुसऱ्याचा ठपका सुनेवर ठेवला.

आधी मुलगी हसली. मग मी. मग बाई, त्यांनी हसायला नको होतं, पण हसल्या. मुलीला हसताना पोट धरावं लागलं आणि बाळाने आतून लाथ मारली, म्हणजे त्यालाही कळलं असावं. आत्याने पर्समधून आरसा काढला. खालचा ओठ ओढून खळ्या बघितल्या. म्हणाली, "म्हणजे हे वहिनीकडून नव्हतंच." आरसा मिटला. "वहिनीला सांगायला हवं होतं रे."

तर, आईची कात्री मुलीला. मृत्युपत्रातली वस्तू मेल्यावरच मिळते म्हणतात. मी मंगळवारीच दिली, इथे फक्त नोंद. तिने त्याच दिवशी बाळाची दुपटी कापली. कडा सरळ आल्या आहेत, मी फूटपट्टी लावून बघितल्या.

कलम ५. आत्याला, तिच्याच खालच्या ओठाची प्लॅस्टरची प्रतिकृती, खळ्यांसकट. साचा घेताना तिला तोंड मिटून चार मिनिटं बसणं भाग होतं. मी सात लावली. माझ्या बाजूने हिशेब मिटला.

कलम ६. चेहऱ्यांचा संच, दहाच्या दहा, सरकारी इस्पितळाच्या त्या बोळात, जिथे सोनोग्राफीनंतर बाया रिपोर्ट हातात धरून बसतात. अटी दोन. काच लावायची नाही, ज्याला वाटेल त्याने हात लावावा, झिजले तर झिजू देत. आणि खाली मी लिहिलेलीच पाटी राहील: "ओठ सातव्या आठवड्यात जुळतो. नाही जुळला तर बहुतेक वेळा कारण अनेक जनुकांत थोडं थोडं असतं, काही घरांत एकाच जनुकात. तंबाखूचा धूर, काही औषधं, साखरेचा आजार यांनी धोका वाढतो. पण बहुतेकदा कोणी काही केलेलं नसतं. ओठ शिवता येतो." धुराची ओळ बायको काढ म्हणत होती. खोटी पाटी मी लावत नाही, मायेपोटीसुद्धा.

ठिकाण: माझं कामाचं टेबल, डावी बाजू, उजवीकडे प्लॅस्टर ओलं आहे.
तारीख: सोनोग्राफीनंतरचा शुक्रवार.
सही: (केली, पूर्ण नावाने)
साक्षीदार पहिला: शेजारचा चष्मेवाला. चष्मा घरी विसरून आला, बायकोचा लावून वाचलं.
साक्षीदार दुसरी: जनुकांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी कलम ४ मधला एक शब्द दुरुस्त केला, तो मी परत होता तसा केला.

सह्यांनंतरची नोंद, चष्मेवाल्याने विचारलं म्हणून. होय, संचाला गिऱ्हाईक आलं होतं, कालच. गरोदर बायकांसाठी गोळ्या विकणारी एक कंपनी, त्यांचा माणूस कोटबीट घालून. त्यांना दहाही चेहरे दालनात मांडायचे होते. माझी पाटी काढून त्यांची लावायची, एवढीच अट. त्यांची त्याने छापूनच आणली होती: "आईने वेळीच काळजी घेतली, तर बाळाचा ओठ जुळतो." मी ती दोनदा वाचली, त्याला चहा पाजला आणि नाही म्हणालो. रक्कम होती अकरा लाख चाळीस हजार.