कापसाच्या ढिगापुढचे रखमाजी

शहागड, ता. अंबड, जि. जालना
चैत्र वद्य पंचमी, २००४

श्री. रा. रा. देवानंदराव, आमचे थोरले साडू आणि औरंगाबादेतल्या कलर लॅबचे मालक, यांना शहागडच्या फोटोवाल्या धर्मराजचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिला आहे, पण कंबर धरली असल्यामुळे तो कागदावरच समजून घ्यावा.) तुमचा गुडघा जिना चढू देतो की नाही ते कळवा. नंदाताईंचा खोकला थांबला नसेल तर आमची दुर्गा अडुळशाचा पाला पाठवायला तयार आहे. नको म्हटलं तरी ती पाठवणारच आहे. इकडे सगळं बराबर आहे. गोदावरीत पाणी कमी, हायवेला ट्रक जास्त, आणि लग्नसराईमुळे मला जेवायला फुरसत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

दिवाळीत तुम्ही सगळ्या सासुरवाडीसमोर मला विचारलं होतं, "काय धर्मराज, अजून तोच डबा वापरून राह्यला का?" तेव्हा माझ्या तोंडात करंजी होती म्हणून उत्तर राहिलं, ते आता देतो. तुम्ही ज्याला डबा म्हणता तो माझा स्कॅनर, झाकणात दिवा असलेला, फिल्म ठेवायची खाच असलेला, उत्तम चालू आहे. नवं मशीन कधी घ्यावं याबद्दल माझं मत पक्कं आहे. नवं निघालं म्हणून घेऊ नये. साडूनं घेतलं म्हणून तर बिलकुल घेऊ नये. खोक्यावर डायनॅमिक रेंजचा जो आकडा छापलेला असतो तो वरपक्षानं सांगितलेल्या पगारासारखा असतो. खरा किती ते संसाराला लागल्यावरच कळतं. आणि आमच्या गिऱ्हाइकाला रेंज कशाला हवी? त्याला नवरा गोरा हवा, नवरी नवऱ्याहून गोरी हवी आणि मागं धबधबा हवा. तिन्ही गोष्टी मी देतो. असं सगळं सुरळीत असताना मध्यंतरी एक किरकोळ प्रकार झाला. तो तुमच्या कानावर दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून जाण्याआधी मीच लिहितो.

आमच्याजवळ अंतरवाली सराटी म्हणून गाव आहे. तिथल्या गिरिजाबाई फाल्गुनात दुकानी आल्या. मुलीचं, शिवकन्याचं, लग्न ठरलेलं. ही पोर पाळण्यात असताना तिचे वडील रखमाजी साप चावून गेले. आता कन्यादान चुलते रामराव करणार, पण साखरपुड्यापासूनच शेजारच्या पाटावर बापाचा फोटो पाहिजे. तशी आपल्याकडे रीतच आहे, माणूस नसला तर त्याची तसबीर बसते, तिलाही अक्षता लागतात. अडचण अशी की रखमाजींनी जन्मात फोटो काढला नाही. फक्त एकदा शेतकीखात्याचा कुणी साहेब गावात आला होता, त्यानं कापसाच्या ढिगापुढं रखमाजींना उभं करून एक स्लाइड काढली, पुढच्या खेपेला चौकात धोतर बांधून त्यावर मोठी करून दाखवली, आणि जाताना ती रखमाजींच्या हातात देऊन गेला. पुठ्ठ्याच्या चौकटीतला तो फिल्मचा तुकडा बाईंनी वीस वर्षं कुंकवाच्या डबीशेजारी जपला. पोरीला बापाचं तोंड माहीत नाही. ती म्हणते, मला सासरी जाताना बाप बघून जायचंय. एवढं एकच काम होतं.

मी म्हटलं, जल्दी करून देतो, बसा. दुर्गानं त्यांना चहा दिला, मी स्लाइड काचेवर ठेवली. चहा संपायच्या आत पडद्यावर कापूस आला. काय कापूस! मागं आभाळ, डोक्यावर पांढरा पटका, अंगात पांढरी बंडी. आणि पटका संपून बंडी सुरू होते त्या मधल्या जागेत, जिथं माणसाला तोंड असतं, तिथं तव्याचं बूड. साहेबानं उजेड कापसाचा धरला, माणसाचा धरला नाही. (शेतकीखात्याचा माणूस, त्याचं तरी काय चुकलं?) मी उजेड वाढवला, तर काळ्यातून हिरवे-जांभळे ठिपके निघाले आणि रखमाजींना देवी आल्यासारखं दिसू लागलं. आणखी वाढवला, तर कापूस उडाला, आभाळ उडालं, बंडी गेली, ठिपके तेवढे राहिले. गिरिजाबाईंनी स्लाइड उचलली, दुकानाच्या पायरीवर गेल्या, उन्हाकडं धरली आणि मला हाक मारली.

"हे बघा धर्मराजभाऊ. डोळे दिसून राह्यले. मिशी दिसून राह्यली. गालावरचा तीळबी दिसतो. माझ्या म्हाताऱ्या डोळ्याला दिसतंय अन् तुमच्या मशीनला का दिसत न्हाई?"

मी पाहिलं. दिसत होतं, अंधाऱ्या खोलीत सरावल्यावर माणूस दिसावा तसं. आता तिला काय सांगणार की बाई, याचंच नाव डायनॅमिक रेंज. ढिगातलं बोंडही दिसावं आणि ढिगापुढच्या माणसाचा डोळाही दिसावा, ही अक्कल मशीनला असावी लागते, आणि माझ्या मशीनला फक्त बोंड कळतं? भर दुकानात, दोन गिऱ्हाइकं पासपोर्ट फोटोला बसलेली असताना, मालकानं असं बोलणं धंद्याच्या दृष्टीनं बरं नाही. मी म्हटलं, "होईल. साखरपुड्याला घेऊन येतो."

त्यानंतर मी जे केलं ते महाराष्ट्रातला कुठलाही अनुभवी फोटोवाला करील. गिरिजाबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या की भावजी अन् हे, दोघं एका साच्यातले. भावजी म्हणजे रामराव. रामरावांनी सोसायटीच्या निवडणुकीसाठी काढलेला फोटो माझ्याकडं होताच. मी त्यांचं तोंड उचललं, वीस वर्षांनी तरुण केलं, मिशी काळी केली, चष्मा पुसला, सांगितलेल्या गालावर तीळ ठेवला आणि पटका व बंडी यांच्यामध्ये नेमकं बसवलं. जोड तुम्हालाही सापडला नसता, देवानंदराव, इतकं सफाईचं काम. फ्रेम करून, जिलेटीन कागदात बांधून, साखरपुड्याच्या दिवशी स्वतः नेऊन पाटावर ठेवली. कुणी उघडून पाहिली नाही, कारण शुभकार्यात वस्तू पाटावरच उघडायची असते.

शिवकन्यानं कागद सोडला. हार घातला, कुंकू लावलं, पाटाला डोकं टेकलं, आणि पोर अशी रडली की वरपक्षाच्या बायकांनीही पदर डोळ्याला लावले. माझाही रुमाल निघाला. इतक्यात रामराव शेतातले कपडे बदलून, नवा पटका बांधून आले आणि रीतीप्रमाणे फोटोशेजारच्या पाटावर बसले. चष्मा घरात विसरले होते. तिथंच घात झाला.

नवऱ्या मुलाची आजी मालनबाई एकदा इकडं बघे, एकदा तिकडं बघे. शेवटी तिनं मोठ्यानं विचारलं, "अगं बया, हे तर जित्ते बसलेत की! मंग हार कोणाला घातला?"

मांडवात कुणी हसलं, कुणी "रामराम" म्हणालं. रामरावांनी फ्रेम उचलून नाकाजवळ नेली, आणि मग माझ्याकडं पाहिलं. माणूस मोठा शांत. म्हणाले, "धर्मराज, मी गेल्तो कधी? घरच्यांनी मला तर काही सांगितलं न्हाई."

याला उत्तर होतं. आचारी, वरपक्ष, ऊन, कशावरही ढकलता आलं असतं. पण शिवकन्या उठून माझ्यासमोर आली. कपाळाला पाटाची धूळ तशीच. हळूच म्हणाली, "काका, मंग मी कोणाच्या पाया पडले?" मी खाली पडलेल्या जिलेटीन कागदाची घडी घालू लागलो. गिरिजाबाईंनी फ्रेमवरचा हार काढला, तो रामरावांच्या गळ्यात घातला, आणि कार्य पुढं चाललं. मला जेवायला वाढलं, पण आग्रह झाला नाही.

तर या सगळ्यावरून माझं मूळ मत आणखी पक्कं झालं आहे. नवं मशीन गिऱ्हाईक वाढलं म्हणून घेऊ नये, जुनं मळलं म्हणून घेऊ नये. फिल्ममध्ये आहे, उन्हाकडं धरलं तर आईच्या डोळ्याला दिसतंय, आणि आपल्याला देता येत नाही, तेव्हाच घ्यावं. त्याआधी खर्चा करणारा उधळ्या आणि त्यानंतरही न करणारा फोटोवाला नव्हे. माझ्यावर ती वेळ आली आहे की नाही याचा मी अजून शांतपणे विचार करतो आहे. घाई माझ्या स्वभावात नाही.

नंदाताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. राग नसावा, लोभ आहेच.

आपला,
धर्मराज

ता. क. तुमच्या लॅबमधला फिल्मचा स्कॅनर काळ्यातलं काढतो असं तुम्ही दिवाळीत चारदा सांगितलं होतं. लग्न परवावर आलं आहे. स्लाइड टपालानं पाठवायला गिरिजाबाई तयार नाहीत, त्या ती हातातून सोडतच नाहीत. म्हणून पत्र त्यांच्याच हाती दिलं आहे. तुम्ही हे वाचता आहात तेव्हा त्या आणि शिवकन्या समोर उभ्या असतील. आधी बसायला सांगा.

ता. क. २ : सोबत रामरावही येत आहेत. या खेपेला फोटोत आपण नाही ना, याची त्यांना जातीनं खात्री करायची आहे. हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचू नका. वाचून झालं असेल तर नंदाताईंना चहा टाकायला सांगा आणि विषय निवडणुकीवर न्या.

ता. क. ३ : तुमचा स्कॅनर आता बराच जुना झाला, देवानंदराव. तुमच्यासारख्या माणसाला तो शोभत नाही. नवा जल्दी घेऊन टाका. जुना कुणाला देण्याआधी मला मात्र कळवा.

ता. क. ४ : स्लाइड मशीनमध्ये घातली की खुर्ची शिवकन्याला द्या, पडद्यासमोर. तोंड हळूहळू वर येईल तेव्हा तुम्ही मागं भिंतीशी उभे राहा, आणि देवाशप्पथ, तिला डायनॅमिक रेंज समजावून सांगू नका.