कोळ्याचं जाळं आणि बाबांची गाठ

तांडापेठ, नागपूर
१५ नोव्हेंबर १९७५

तीर्थरूप ताराचंदमामांच्या चरणी भाची प्रेमिला हिचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? आईने पाठवलेलं तेल सत्यवतीमामी रोज चोळून देतात, की बाटली अजून देवळीतच आहे? (हे आईने विचारायला सांगितलं. उत्तर मामींनी लिहावं, तुम्ही लिहू नये, असंही तिचं म्हणणं आहे.) इथे आम्ही सगळे खुशाल आहोत. सूत मिळत नाही म्हणून बाबांचा माग दसऱ्यापासून बंद आहे, आणि हाताला काम नसल्यामुळे घरातल्या ज्या वस्तू मोडल्या नव्हत्या त्याही बाबांनी दुरुस्त करून ठेवल्या आहेत. आमचं दार आता आवाज न करता उघडतं, त्यामुळे शेजारच्या जनाबाई कधी आत आल्या ते कळत नाही.

तुमच्या स्टुडिओतला जुना कॅमेरा तुम्ही मला वापरायला दिलात, तो अगदी सुखरूप आहे. मी तो आईच्या लुगड्यात गुंडाळून गव्हाच्या कोठीत ठेवते. त्याचं मी काय केलं हे तुम्हाला कळवणं माझं कर्तव्य आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

इथल्या एका छायाचित्र मंडळाने स्पर्धा ठेवली आहे. निवडलेले फोटो सभागृहात खाली नाव लिहून टांगणार आहेत. विषय आहे 'माणसाचा हात न लागलेला निसर्ग'. एका स्पर्धकाने एकच फोटो द्यायचा आणि तो महिनाअखेरीच्या आत पोचवायचा. नाव नोंदवायला गेले तेव्हा तिथल्या चिटणीसांनी विचारलं, वडील फोटोग्राफर आहेत का? मी म्हटलं, विणकर आहेत. त्यावर ते फार गोड हसले आणि म्हणाले, मग तुम्ही पुढच्या वर्षी या, तेव्हा वस्त्रकलेचा विषय ठेवू. मामा, मी बी. ए. झाले आहे. आपल्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नाही, हे खरं. पण निसर्गाने कोणाच्या वडिलांचा धंदा विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. मी त्यांना तसंच सांगितलं आणि नाव नोंदवून आले. माझा फोटो टांगला जाईल याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आताही नाही. अडचण एवढीच आहे, की टांगायला फोटो नाही.

फोटो पुष्कळ काढले. पण माणसाचा हात न लागलेली वस्तू नागपुरात किती दुर्मिळ आहे हे कॅमेरा हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पहिल्यांदा अंबाझरीला एका पिंपळाचा फोटो घ्यायचं ठरवलं. आई सोबत आली होती, कारण मुलीने एकटीने तळ्यावर जाऊ नये. मी कॅमेऱ्यात वरून वाकून बघत होते, तेवढ्यात तिने बुंध्याला हळदकुंकू लावून टाकलं. विचारलं तर म्हणाली, "एवढ्या मोठ्या झाडापुढे रिकाम्या हातानं उभं राहाचं का वं?" मग एक बगळा सापडला. उत्तम बगळा, मान वळवून उभा. पण उभा होता तो एका म्हशीवर. म्हैस निसर्गात धरायची की नाही यावर मी दोन दिवस विचार केला आणि धरायची असं ठरवलं. परंतु दिवाळीत तिची शिंगं रंगवली होती. काळ्यापांढऱ्या फोटोत तो रंग दिसत नाही, हे मी कबूल करते. पण मला माहीत आहे ना. संत्र्याच्या बागेचा फोटो सुंदर आला. बाग लावणारा माळी जवळच उभा राहून बागेचा इतिहास सांगत होता, त्यामुळे तोही बाद झाला. ढगांचा घेतला तर त्यात कोणाचा तरी पतंग.

शेवटी निसर्ग आमच्या परसातच सापडला. न्हाणीमागच्या डाळिंबाच्या झाडात एका कोळ्याने जाळं विणलं होतं, आपल्या पोळीच्या तव्याहून मोठं. सकाळी त्यावर दव पडायचं तेव्हा आई भांडी घासणं थांबवून बघायची. (आईने भांडी घासायचं थांबवणं ही काय गोष्ट आहे ते तुम्ही तिचे भाऊ म्हणून जाणता.) मी आदल्या दिवशी घरात जाहीर केलं, की उद्या सूर्य वर आला की याचा फोटो घेणार, तोवर कोणी तिकडे पाणी फेकू नये. सकाळी फोटो घेतला. महाल भागातल्या एका स्टुडिओत अनंत नावाचे गृहस्थ रोल धुऊन देतात. फोटो कागदावर उमटला तेव्हा ते स्वतःच म्हणाले, की ताई, हा टांगतातच. मामा, खरोखर तसा फोटो मी पाहिला नव्हता. दवाचा एकेक थेंब वेगळा मोजून घ्यावा असा. मी त्यांचं भिंग मागून घेतलं आणि कौतुकाने एकेक धागा पाहत गेले.

वरच्या बाजूला, जिथे जाळं फांदीला धरलेलं असतं, तिथला एक धागा इतरांपेक्षा जाड होता. त्यावर दवही नव्हतं. आणि फांदीवर त्याच्या टोकाला गाठ होती. कोळी गाठ मारत नाही, हे मी शाळेत शिकले. ती गाठ कोण मारतं हे मी त्याच्याही आधी शिकले, कारण तशी बसकी गाठ मी लहानपणापासून मागावर पाहत आले आहे.

घरी येऊन बाबांना फोटो दाखवला आणि बोट ठेवून विचारलं, हा धागा कशाचा? बाबांनी लपवाछपवी केली नाही. अगदी अभिमानाने सांगितलं, "रेशमाचा. सुताचा घातला असता तं वजनानं झोल आला असता." पहाटे ते उठले तेव्हा त्यांना वरची एक तार तुटलेली दिसली. मी म्हटलं, पण बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं होतं? ते म्हणाले, "सांगाले काहून पाहिजे? पोरगी चार लोकांत दाखवणार अन् माल फाटका?"

मामा, तुम्हीही माग सोडून फोटोच्या धंद्यात गेलात तरी कुळाने आपलेच आहात. तुटलेली तार डोळ्यांसमोर ठेवून आपल्यातला माणूस चहा पिऊ शकत नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार. तेव्हा बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू दसऱ्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या हातून काही कामाचं झालं आहे. मी काय बोलले असेन? मी म्हटलं, छान सांधलंत. त्याचा परिणाम असा झाला, की दुपारपर्यंत सगळ्या तांडापेठेला कळलं, सभागृहात प्रेमिलाचा फोटो टांगणार आहेत आणि त्यात शालिकरामची, म्हणजे बाबांचीही, एक तार आहे. जनाबाई आल्या आणि म्हणाल्या, "तुह्या बापानं कोळ्याले मजुरीवर ठेवलं म्हणे." बाबा खूश होऊन हसले.

अनंतरावांचं मत पडलं, की हाच द्या, पाच हातांवरून ती गाठ कोणाला दिसते? पण मामा, विषय 'माणसाचा हात दिसत नसलेला निसर्ग' असा नाही. मी तो फोटो देणार नाही. याबाबतीत माझा निश्चय पक्का आहे आणि कोणाच्याही भिडेला मी बळी पडणार नाही. बाबांनाही मी हे स्पष्ट शब्दांत सांगणार आहे. आज त्यांचं जेवण व्हायचं होतं म्हणून सांगितलं नाही. काल एकादशी होती. परवा त्यांचा चेहरा फारच आनंदी होता. सांगणार मात्र नक्की. सत्य सांगायला भिणं हे शिकलेल्या माणसाला शोभत नाही.

मामींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद. गुडघ्याची काळजी घ्यावी, हे सांगायला मी लहान आहे, पण आई मोठी आहे आणि तिचंही तेच म्हणणं आहे.

आपली आज्ञाधारक,
प्रेमिला

ता. क. – विशेष काही नाही, पण लिहायचं राहिलं. त्या कोळ्याने जुनं जाळं सोडून त्याच झाडात, जरा खालच्या अंगाला, नवीन विणायला घेतलं आहे. फोटो घेता येईल, पण रोल संपला आहे. तुमच्याकडचा एक पाठवावा. आणि दुसरी गोष्ट, बाबांना चार दिवस तुमच्याकडे उमरेडला बोलावून घ्यावं. कारण काहीही द्यावं. तुमच्या शेजाऱ्याच्या मागाची फणी बिघडली आहे आणि उमरेडमध्ये कोणाला कळत नाही, असं लिहिलंत तर ते जेवायलाही थांबणार नाहीत. ते तिकडे असताना मी फोटो काढून देऊन टाकीन, आणि परत आल्यावर कोणता फोटो दिला ते त्यांना दाखवता येईल, म्हणजे सांगायची गरजच पडणार नाही. पत्र लिहायचं मुख्य कारण खरं म्हणजे हेच.

ता. क. दुसरा – वरचा ता. क. अर्धा रद्द समजावा. पाकीट चिकटवायला भात घेण्यासाठी आत गेले, तर आईने सांगितलं, की मी तो फोटो देणार नाही आणि का, हे सगळं तिने बाबांना परवाच सांगून टाकलं आहे. (तिला मीच सांगितलं होतं; तिच्या पोटात काही राहत नाही हे मी विसरले होते.) मी परसात गेले. बाबा डाळिंबाजवळ पोतं टाकून बसले होते. सकाळपासून तिथेच आहेत म्हणे. पलीकडच्या घरातल्या अंजनाबाईंची शेळी दोनदा हाकलली, आईला राख टाकू दिली नाही, जनाबाईंना वाकून बघायला मनाई केली. दोन्ही हात मात्र मागे घट्ट धरलेले. मला पाहून म्हणाले, "मी हात नाही लावला वं. आईले विचार. पण डावीकडची वरची तार ढिली हाय. थे तू त्याले सांगून ठेव."

तेव्हा बाबांना बोलावू नये. राखण करणं म्हणजे हात लावणं नव्हे, असं माझं आता ठाम मत झालं आहे. फक्त रोल पाठवावा, आणि जरा घाई करावी, कारण बाबा किती दिवस हात मागे धरून बसतील याचा भरवसा नाही.