पुढे जाऊ का?

प्रिय आई,

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी तुझ्या गुडघ्याचं नाव काढलं की नेमकी दाराची बेल वाजते. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

आधी बातमी. सोमवारी मी मुद्दाम उशिरा कामावर गेले. चहा बसून प्यायले, कुंड्यांना पाणी घातलं. पोचले तेव्हा काम झालेलं होतं. माझ्याशिवाय! तुला यात विशेष काही वाटणार नाही, म्हणून जरा आधीपासून सांगते.

आमच्याकडे हॉस्पिटलातून रक्ताच्या तपासण्यांची कच्ची माहिती येते. ती चाळायची, जुळवायची, बिघाड शोधायचा आणि डॉक्टरांसाठी अहवाल काढायचा. प्रत्येक पायरीसाठी मी एक स्क्रिप्ट लिहिली आहे, म्हणजे कॉम्प्युटरने काय काय करायचं त्या सूचना. तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत कपाटंच्या कपाटं भरून कॉम्प्युटर आहेत, त्याला आम्ही क्लस्टर म्हणतो. स्क्रिप्ट तिथे चालतात. पण एक संपली की दुसरी मी हाताने सुरू करायची. रजेवर असले तरी, तुझ्याकडे आले तरी, तुझ्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून. तू एकदा म्हणालीसही, "आलीस खरी, पण अर्धी तिकडेच ठेवून आलीस."

क्लस्टर सांभाळणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. ते मला कधीचे टोचत होते, "अहो ताई, एवढी मशिनं दिमतीला, आणि तुम्ही एकेकाला मांडीवर घेऊन भरवताय. शेड्युलरच्या हवाली करा की!" शेड्युलर म्हणजे मुकादमच म्हण ना. कुठल्या स्क्रिप्टनंतर कुठली, हे त्याला एकदा सांगून ठेवायचं. मग रिकामं मशीन बघून तो काम लावतो, एक संपलं की पुढचं सोडतो. पटत होतं गं, पण धीर होत नव्हता. कुणाच्या तरी आजाराचा अहवाल, चुकला तर?

शेवटी गेल्या महिन्यात जुने नमुने घेऊन करून बघितलं. शुक्रवारी सगळं त्याला सोपवून घरी गेले. सोमवारी बघते तर पहिली पायरी पार, आणि दुसरी जागच्या जागी! ताटकळून ताटकळून तिला नेमून दिलेली वेळ संपली आणि शेड्युलरने तिला बंद केलं होतं. मी मनात म्हटलं, बघा, मी सांगत नव्हते? मामांनी शेजारी खुर्ची ओढली, स्क्रिप्ट वाचत गेले आणि एकदम हसत सुटले. मीच कधीतरी काळजीपोटी मध्ये एक प्रश्न घालून ठेवला होता, 'पुढे जाऊ का?' मी 'हो' दाबेपर्यंत तिने थांबायचं. माझ्या टेबलावर ते ठीक होतं, पण त्या बंद खोलीत 'हो' म्हणायला कोण बसलंय? बिचारी शनिवार-रविवार नुसती विचारत राहिली. "ताई," मामा डोळे पुसत म्हणाले, "पोरीला फारच वळण लावलंत तुम्ही."

तो प्रश्न काढून तिथे आम्ही तपासणी घातली. आकडे जुळले तर पुढे, नाहीतर थांब आणि मामांना कळव. या सोमवारी खरे नमुने पहिल्यांदा तसे गेले. मी एकेक अहवाल पडताळून पाहिला. सगळे बरोबर. एका नमुन्यात गडबड होती, तिथे काम आपणहून थांबलं होतं. इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीत नुसती बसून राहिले.

आणि तू आठवलीस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकेक कॉल हाताने जोडणारी. आपोआप जोडणारी यंत्रं आली त्या दिवशी तू घरी येऊन भर दुपारी ताणून दिली होतीस. बाबा घाबरून तुझ्या कपाळाला हात लावून बघत होते. "काही झालं नाहीये मला," तू म्हणालीस, "आता लोक माझ्याशिवायही बोलतील." मला वाटायचं, तुला वाईट वाटलं असणार. ती झोप कसली होती, ते सोमवारी कळलं.

आता गुडघ्याचं. तू ऑपरेशन एकदा थंडी म्हणून पुढे ढकललंस, एकदा उन्हाळा म्हणून. शेजारच्या काकूंनी मला खरं काय ते सांगितलं. सोबत कोण असेल, असं डॉक्टरांनी विचारल्यावर तू म्हणालीस, "लेकीला सवड झाली की करू." माझ्याकडे मात्र कधी अवाक्षर काढलं नाहीस. कठडा धरून जिना उतरत राहिलीस आणि फोनवर एवढंच विचारत राहिलीस, "फार काम आहे का गं?" मी दर वेळी हो म्हणत आले. आता विचारू नकोस. मीही तुला विचारत नाहीये. डॉक्टरांशी बोलून तारीख घेतली आहे. आदल्या शनिवारी येतेय, आणि तू जिना नीट उतरेपर्यंत राहणार आहे. लॅपटॉप इथेच, मामांच्या कपाटात. तू फक्त माझ्यासाठी माळ्यावरची गादी काढायला स्टुलावर चढू नकोस. मी आले की काढेन.

तुझीच, या वेळी अख्खी येणारी,
थोरली