अश्वत्थाम्याचं तेल

सिल्वासा, गुरुवार, संध्याकाळ

आज मी अप्पांच्या पायाची पट्टी बदलत असताना ते अचानक अश्वत्थाम्याबद्दल बोलू लागले. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तो आमच्या सातपुड्यात फिरतो, दारोदार तेल मागतो, ही गोष्ट लहानपणी त्यांनीच मला सांगितली होती. तेव्हा मी त्याच्यासाठी अंगणात तेलाची वाटी ठेवायचे.

रक्तातल्या साखरेमुळे अप्पांची जखम वर्षभर भरलेली नाही. पाय काढावा लागेल, असं काल डॉक्टर म्हणाले. अप्पांनी साफ नकार दिला. बरं करते म्हणून मीच त्यांना गावाहून इथे सिल्वासात, डोकमर्डीच्या माझ्या घरी आणलं. चुकलं का माझं?

"तेलानं त्याला बरं वाटत असेल का हो?" मी उगाच विचारलं.

"तेलानं काय होतंय, माय? त्याले मरणच नाही. हीच त्याची सजा." मग माझा हात धरून त्यांनी हळूच विचारलं, "माले तरी मरण शे ना?"

पाय काढू, तुम्ही बरे व्हाल, सगळं ओठांवर आलं होतं. पण ते माझ्याकडेच बघत होते.

"आहे, अप्पा," मी म्हणाले.

त्यांनी हात सोडला आणि ते कुशीवर वळून शांत झोपले. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले.